बुरशीने दिलेले औषध पुन्हा गटारात नको

महोदय,

पंचवटीत माझे औषधांचे दुकान आहे. पावसाळा लागला की दिवसातून चार-पाच जण तरी येऊन म्हणतात, "भाऊ, मागच्या वेळच्या त्या गोळ्या द्या, दोनच द्या." ती मागच्या वेळची गोळी बहुतेकदा सेफिक्झिम या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) असते. चिठ्ठी नसते, ताप साध्या विषाणूचा असण्याचीच शक्यता जास्त असते, आणि विषाणूवर ही गोळी काहीच करत नाही. मी नाही म्हटले की गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात जाते. हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, किती गोळ्या दिल्या, ही नोंद तीन वर्षे जपून ठेवायची असते.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात, पण या गोळीचे कूळ सगळ्यांना कळावे असे मला मनापासून वाटते. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहरात, सांडपाणी समुद्राला मिळते तिथले पाणी 1945 मध्ये तिथले वैद्यक प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्झू यांनी तपासायला घेतले. इतक्या घाण पाण्यात पोहूनही मुलांना विषमज्वर फारसा होत नाही, हे त्यांच्या नजरेत भरले होते. त्या पाण्यात त्यांना एक बुरशी सापडली. तिचा अर्क विषमज्वराच्या जंतूंना मारत होता. 1948 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले. मूळ द्रव्याचा जोर कमीच होता, पण पेनिसिलिनला तोडून टाकणाऱ्या जंतूंच्या विकरापुढे (एन्झाइमपुढे) ते टिकत होते. त्याचा गाभा ठेवून बाजूच्या साखळ्या बदलल्या, तेव्हा कुठे 1964 मध्ये पहिले औषध बाजारात आले. एकोणीस वर्षे! सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रियाक्झोन, सेफिक्झिम ही सगळी त्याच घराण्यातली.

ती बुरशी खरी समुद्राची की सांडपाण्यातून आलेली, असा प्रश्न पडेल. या जातीची बुरशी जमिनीवरही सापडते, म्हणूनच अभ्यासक तिला 'समुद्रातून मिळालेली' एवढेच म्हणतात.

समुद्रात स्पंजच्या अंगात, शेवाळावर, खारफुटीतल्या कुजक्या लाकडावर अशा असंख्य बुरश्या राहतात. दाटीवाटीत जागा राखायची तर शेजारच्या जंतूला रोखणारे रसायन हवेच. प्रयोगशाळेत एकट्या वाढवल्या की त्या पुष्कळदा गप्प बसतात. 2001 मध्ये एका सागरी बुरशीला सागरी जिवाणूच्या सोबतीत वाढवले, तेव्हा तिने पेस्टालोन नावाचे द्रव्य तयार केले. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूवर ते प्रयोगशाळेत प्रभावी ठरले. पण प्रयोगशाळेतून माझ्या फळीवर येण्याची वाट फार लांब आहे. सागरी बुरशीच्या द्रव्यावरून घडवलेल्या प्लिनाब्युलिन या कर्करुग्णांसाठीच्या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2021 मध्ये मंजुरी नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली. हाती आहे ते औषध वाया घालवण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

आपल्या जिल्ह्यात बुरशीची बातमी येते ती द्राक्षावरच्या भुरी रोगाची, किंवा 2021 सारखी म्युकरमायकोसिसची. दोन्ही बातम्या हव्यातच. बुरशीच्या या देण्याबद्दलही आपल्या आरोग्य पुरवणीत कधीतरी पानभर छापा, ही विनंती.

दुसरी विनंती महापालिकेला. अर्धवट सोडलेल्या गोळ्या घराघरांतून बेसिनमध्ये, संडासात, कधी थेट गोदेत जातात. प्रतिजैविक सांडपाण्यात मिसळले की त्याला दाद न देणारे जंतू तिथेच तगतात आणि वाढतात. जे सांडपाण्याच्या मुखाशी सापडले, तेच आपण निकामी करून सांडपाण्यात सोडतो आहोत, याचे मला फार वाईट वाटते. ही गोदा उगमापासून 1465 किलोमीटरचा प्रवास करून आंध्रात समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी आहे.

घंटागाडीवर उरलेल्या औषधांसाठी वेगळा डबा ठेवावा आणि ती जाळून नष्ट करण्याची व्यवस्था करावी. तोवर माझ्या दुकानात एक डबा ठेवतो आहे. उरलेल्या गोळ्या कोणीही आणून टाकाव्यात, कुठून घेतल्या ते मी विचारणार नाही.

— एक औषधविक्रेता, पंचवटी, नाशिक