शॅनन, बाबांसाठी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तुमच्या लिमरिकच्या नदीला बारमाही पाणी असतं का गं?" आणि नेमका फोन कट झाला. म्हणून हे पत्र. आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा तूच मोठ्याने वाच.

बाबा, शॅननला बारमाही पाणी आहे. सुमारे ३६० किलोमीटर, आयर्लंडमधली सगळ्यात लांब नदी. उगम कॅव्हन काउंटीत, क्विलका डोंगराच्या उतारावर. मे महिन्यात मी जाऊन आले. एक लहानसा गोल डोह, बाकी काही नाही. डोंगरावरचं पाणी चुनखडीच्या पोटात शिरतं आणि इथे गुपचूप वर येतं. ओंजळीत घेतलं तर रंग कोऱ्या चहाचा, दलदलीतून मुरत येतं ना!

आई, गोष्ट तुझ्यासाठी. सागरदेव लिरची नात शिनन ज्ञानाच्या विहिरीवर गेली. तिथे जायला तिला बंदी होती. विहीर उसळली आणि पोर वाहून गेली. नदीला नाव तिचंच. मी त्या डोहाशी बराच वेळ बसले होते.

पुढे ॲलन, री, डर्ग अशी तळी लागतात. प्रदेश सपाट, म्हणून नदी रेंगाळते आणि हिवाळ्यात काठची कुरणं पाण्याखाली जातात. क्लॉनमॅकनॉइजचा मठ ५४४ साली तिच्याच काठावर उभा राहिला. पुढे त्याच पाण्यातून व्हायकिंगांच्या लुटारू नावाही आल्या. लिमरिकला समुद्राची भरती पोचते, आपल्या गोवळकोटला वाशिष्ठीत येते तशीच. ओहोटीला इथल्या लिमरिकच्या किल्ल्यापासून थोडं खाली खडक उघडे पडतात, पाणी नुसतं गर्जत असतं. सहा तासांनी जावं तर खडक गायब, सगळं शांत.

आता बाबा, तुमचा विषय. लिमरिकच्या वरच्या अंगाला आर्डनाक्रशाचं पॉवरहाऊस आहे. देश स्वतंत्र होऊन तीनच वर्षं झाली होती, तेव्हा, १९२५ साली, काम सुरू झालं. कल्पना थॉमस मॅक्लॉक्लिन या तरुण आयरिश इंजिनियरची, बांधकाम जर्मनीच्या सीमेन्सचं. खर्च ५० लाख पौंडांच्या वर, आणि १९२९ मध्ये वीज सुरू. बंधारा घालून नदी वळवली, १२ किलोमीटरहून लांब कालव्यातून आणली आणि सुमारे ३० मीटर खाली टर्बाइनवर सोडली. आज ८६ मेगावॉट म्हणजे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण सुरुवातीच्या वर्षांत देशाची जवळजवळ सगळी वीज इथूनच जायची. मजुरांना आठवड्याला ३२ शिलिंग. कितीजण गोठ्यांत आणि डुकरांच्या खुराड्यांत झोपायचे. हे वाचलं आणि तुम्ही सांगायचात त्या कोयनेच्या बोगद्यातल्या कामगारांची आठवण झाली.

पण जुन्या पात्राचं मला फार वाईट वाटतं. त्यात सेकंदाला किमान १० घनमीटर पाणी सोडावं लागतं, बहुतेक दिवस तेवढंच उरतं. कॅसलकॉनेल गावी सॅमन मासा धरायला लांबलांबून लोक यायचे. वळवलेल्या पाण्यामुळे माशांची वाट मोडली आणि ते वैभव गेलं. पुढे १९५९ मध्ये धरणात माशांसाठी लिफ्ट बसवली, तरी पूर्वीचे दिवस आले नाहीत. शनिवारी मी त्या काठावर होते. रुंद पात्र, मधे दगड, दगडांवर शेवाळ, एका दगडावर बगळा. उन्हाळ्यातली नदी असावी तशी, आणि महिना फेब्रुवारीचा.

बाबा, तुम्ही नोकरीत असताना कोयनेचं पाणी पोफळीला टर्बाइनवर घेतलंत आणि वाशिष्ठीत सोडलंत, ते आजही घराखालून वाहतं. १९६२ साली ते पहिल्यांदा आलं तेव्हा तुम्ही शाळेत होतात. काठावरचे लोक तेव्हा काय म्हणाले? आजोबा काय म्हणाले? मी हे कधी विचारलंच नाही. रविवारी फोन करते, तेव्हा सगळं सांगा. आई, तुला आठवत असेल तर तूही.

तुमची,
लेक