दिग्या, आबांचा ट्रॅक्टर लाल नव्हता

कराड, 9 फेब्रुवारी

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुझे चार मेसेज आले आणि मी एकालाही धड उत्तर दिलं नाही. शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येती ठीक. आईचे गुडघे होते तसेच. माझी शुगर काठावर आहे, म्हणून चहा बिनसाखरेचा झालाय. बस.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. परवा ट्रॅक्टरच्या डॅशवरचा नंबरचा पत्रा काढला. खाली स्वच्छ ग्रे रंग निघाला, काल मारल्यासारखा. तू लगेच म्हणशील प्रायमर असेल. मलाही तेच वाटलं. म्हणून मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन लागत नाही तिथं, पाण्याच्या पेपरनं रुपयाएवढं वर्तुळ घासलं. मध्ये 320 नंबर, कडेला 600, सगळ्यात बाहेर 1000, म्हणजे थर उतरते दिसतात. (कोरडं घासू नकोस म्हणून मलाच बजावलं, जुन्या रंगात शिसं असतं.) वरून खाली असं निघालं: आबांचा लाल, त्याखाली आणखी एक जुना लाल, मग ग्रे, मग तांबूस प्रायमर, मग पत्रा. प्रायमर ग्रेच्या खाली आहे. म्हणजे ग्रे हा रंगच.

मग गिअरबॉक्सकडे वळलो. क्लच हाउसिंगच्या खालच्या अंगाला, जिथं चाळीस वर्षांचं ऑइल आणि माती मिळून डांबर झालंय, ते रॉकेलनं भिजवून लाकडी पट्टीनं खरवडलं. लाल, लाल, आणि खाली सोनेरी. मंदिराच्या कळसाचा सोनेरी नव्हे, आपल्या आजीच्या बंबाचा. तांबूस, जरा मळका.

तर बातमी अशी की आबांचा ट्रॅक्टर मॅसी नाहीच. तो फर्ग्युसन 35 आहे, ग्रे आणि सोनेरी. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत, बॅनर लेनच्या कारखान्यात ऑक्टोबर 1956 पासून निघायला लागला आणि 1957 संपता संपता रंग बदलून लाल-ग्रे झाला, नाव मॅसी फर्ग्युसन झालं. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन 1953 सालीच एक झाले होते, पण दोघांचे विक्रेते वेगळे, म्हणून ही रंगांची भानगड चार-पाच वर्षं चालली. सव्वा वर्षात जे निघाले तेवढेच ग्रे-सोनेरी. सहावीत आपली पैज लागली होती ती आठवते? तू म्हणायचास मॅसी, मी म्हणायचो फर्ग्युसन, आणि सुलीनं निकाल तुझ्या बाजूनं दिला कारण तू तिला चिंचा द्यायचास. मिसळ बाकी आहे. व्याजासकट.

पण थांब, आनंद करू नकोस, घोळ पुढे आहे.

नंबरातलं दुसरं अक्षर डी आहे. म्हणजे कंपनीतून स्टँडर्डचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, 23सी, घेऊन आलेला. आणि आपण आयुष्यभर बघितलं ते तीन सिलिंडरचं पर्किन्स. बॅनर लेननं पर्किन्स बसवायला सुरुवात केली 1959 च्या शेवटी, आणि त्यांच्या नंबरात तिथं एन येतो. मी इंजिनाच्या ब्लॉकवरही तसंच वर्तुळ घासलं. तिथं लाल, मग मॅसीचा गडद ग्रे, मग प्रायमर. सोनेरीचा पत्ता नाही. म्हणजे इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरचं. बापूनं कधीतरी उपटून बसवलंय, आणि त्यानं शहाणपणच केलं. 23सी थंडीत सुरू करणं म्हणजे अख्ख्या गल्लीचा कार्यक्रम असे. पर्किन्सचे सुटे भाग आजही मिळतात, कारण टॅफे कंपनीच्या 1035 ट्रॅक्टरला हेच घराणं होतं. पिस्टन, लायनर, रिंगा, नोजल, सगळं दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेलं असतं.

बापूचं कौतुक इथं संपलं. त्यानं जिथं बोल्ट हरवला तिथं मेट्रिक ठोकलाय. या ट्रॅक्टरचे आटे यूएनसी आणि यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे, जाड आणि बारीक. तीन-अष्टमांशचा यूएनसी बोल्ट 9.5 मिमीचा, इंचाला 16 आटे. दहा मिमीचा मेट्रिक बोल्ट त्यात सुरुवातीला धरल्यासारखा वाटतो, लगेच अडतो, आणि बापूच्या हातात चार फुटी पाइप. बीडाचे आटे मोडून भुगा. लिफ्टच्या कव्हरचे पाच, पायदानाचे तीन. सगळे ड्रिल करून स्प्रिंगचे इन्सर्ट बसवले, तेव्हा परत मूळ मापाचे बोल्ट बसले. बोल्टचं डोकं नवं चकचकीत असेल तर जस्ताचा मुलामा ॲसिडनं उतरवून घ्यायचा, नाहीतर रंग दोन महिन्यांत पापुद्रा धरतो. तेव्हा कंपनी सगळं जोडून झाल्यावर रंग मारायची, बोल्टांसकट. सुटे बोल्ट चमकवून ठेवतात ती हौस मला पटत नाही.

आतली अवस्था सांगतो. गिअरबॉक्स आणि मागच्या डब्यात मिळून जवळजवळ 32 लिटर ऑइल बसतं, आणि हायड्रॉलिकही त्यातच. प्लग उघडला तर आधी लिटरभर पाणी आलं, मग ताकासारखं पांढरट काहीतरी. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं होतं, उघड्यावर उभा ट्रॅक्टर, पावसाळ्यात पाणी सरळ आत. रात्रभर निथळू दिलं. चेन पुलीनं लिफ्टचं कव्हर उचलून पंप बाहेर काढला. चार पिस्टनचा पंप, पीटीओच्या शाफ्टवर (मागची अवजारं फिरवणाऱ्या दांड्यावर) चालतो. आश्चर्य म्हणजे पंप उत्तम. दोष लिफ्टच्या सिलिंडरमधल्या पिस्टनच्या रिंगांचा. नांगर उचलून इंजिन बंद केलं की आबा शिवी देईपर्यंत नांगर जमिनीवर, तो खेळ या रिंगांचा होता.

इंजिनाला मागचं सील दोरीचं. इथं बहुतेक फिटर चुकतात. कोरडी दोरी दाबून बसवतात, टोकं सपाट कापतात, आणि दोन महिन्यांत ऑइल क्लचप्लेटवर. दोरी आधी ग्राफाइटच्या ग्रीसमध्ये भिजवायची, गोल दांडीनं खाचेत मधून कडेकडे लाटत बसवायची, आणि दोन्ही टोकं जोडाच्या वर पाव ते अर्धा मिमी राहू द्यायची. मग दोन अर्धी हाउसिंग एकमेकांवर दाबली की टोकं टोकांत बसतात. टॅपेटची फट थंड इंजिनाला 12 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), गरम असताना 10. डिझेलच्या डीपीए पंपाची हवा काढताना आधी फिल्टर, मग पंपाचा खालचा स्क्रू, मग गव्हर्नरवरचा, शेवटी नोजलचे नट. उलट केलंस तर बॅटरी संपते आणि माणूसही.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला. नाही लावला. ट्रॅक्टरमीटरची केबल डायनॅमोच्या मागून निघते. अल्टरनेटर आला की आरपीएम आणि तास दोन्ही मुके. डायनॅमो नव्यानं वाइंड करून घेतला, अर्थिंग मूळचं पॉझिटिव्ह (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) तसंच ठेवलं. तेवढं बॅटरीवर लाल पेंटनं मोठ्ठं लिहून ठेवलंय, कारण आमच्याकडचा सुऱ्या कुठलीही बॅटरी कशालाही जोडतो.

हे सगळं सोपं होतं. आता मूळ दुखणं.

रंग कुठला मारू?

लाल मारला तर तो आबांचा ट्रॅक्टर. पण तो लाल कंपनीचा नव्हे. ग्रे-सोनेरी मारला तर तो 1957 चा ट्रॅक्टर, पण इंजिन चुकीचं. इंजिनालाही सोनेरी मारलं तर जाणकार माणूस लांबून हसेल, कारण सोनेरी पर्किन्स बॅनर लेननं कधी काढलंच नाही. भंगारात 23सी शोधावं, तर पुण्याकडे एक आहे म्हणतात. ओल्या लायनरचं इंजिन, खाली आठच्या आकड्यासारखी पॅकिंग, ती गेली की ऑइलमध्ये पाणी. मिळालं तरी भाग कुठून आणू? आणि सकाळी सुरू कोण करणार, तू? व्हिडिओ कॉलवरून?

चार दिवस हेच डोक्यात. मधे एकदा वाटलं ग्रे-सोनेरी मारू, इंजिन मात्र त्याच्या स्वतःच्या गडद ग्रेमध्ये ठेवू. धड एका सालातलं, काळीज दुसऱ्या सालातलं, ते लपवायचं कशाला? बघणाऱ्याला ठिगळ वाटेल, पण खोटं नाही. बॉनेटवर फर्ग्युसनचाच बिल्ला, मॅसी फर्ग्युसनचा तीन त्रिकोणांचा नाही.

आणि मग अडचण आली ती रंगवाल्याची. पत्र्यावरचा जुना लाल पूर्ण काढावा लागेल. तसाच ठेवून वरून ग्रे मारला तर नव्या रंगातलं थिनर त्या लालाला सोडवतं, आणि महिन्याभरात ग्रेवर गुलाबी झाक येते. एपॉक्सी प्रायमर मारून बंद करता येतो, पण ऑइलपेंट ब्रशनं पाच-सहा वेळा फासलेला, त्यावर कशाची पकड धरणार? काढावाच लागेल. शिवाय सोनेरी फार नखरेल. पावडर तळाशी बसते, दर दोन मिनिटांनी ढवळायचं. ओला मारला की ढगासारखे डाग. स्प्रे गनच्या 1.4 च्या नोजलनं तीन पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटं, आणि शेवटचा हात फूटभर लांबून नुसता धुरळा. पितळेची खरी पावडर तेलानं काळवंडते, म्हणून मेटॅलिक बेस घेऊन टिंट करून घेतोय. ग्रेला टू-पॅक (हार्डनर मिसळायचा रंग) नको म्हटलं, फ्रीजसारखा दिसतो. एनॅमलच.

तर पेंट रिमूव्हर आणून ठेवलाय, आणि डब्याचं झाकण उघडवत नाही. नंबरच्या पत्र्याशेजारी लाल रंगात ब्रशचा एक केस अडकलाय. जेमतेम दोन सेंटिमीटरचा, टोकाला किंचित वळलेला. आबा दसऱ्याला अंगणात बनियनवर बसून ब्रश मारायचे आणि आपण दोघं पुढच्या चाकाखाली विटा लावून उगाच मदत केल्यासारखं करायचो. तो केस नखानं निघेल. मी काढला नाही.

तोडगा सुचलाय, पण तुझ्या परवानगीशिवाय करणार नाही. डाव्या मडगार्डची आतली बाजू, टूलबॉक्सच्या मागे, वीतभर चौकोन मास्किंग टेप लावून तसाच ठेवतो. लाल, वर्तुळं, सगळं. वरून क्लिअर. डॅशचा तो केसाचा भागही तसाच ठेवतो, नंबरचा पत्रा परत बसवल्यावर शेजारी बोटभर लाल दिसेल. दिसू दे. बाकीचा लाल जाईल. आबांचा हात पूर्ण पुसला असं मला नंतर ऐकवायचं नाही, हे लेखी दे.

तुमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरांचे मेळे भरतात, तिथं बघ: बॉनेटचा फर्ग्युसनचा बिल्ला (नवी नक्कल चालेल, पण ओतीव हवी, स्टिकर नको), आणि ट्रॅक्टरमीटरची काच. पुढची चाकं 6.00-16 इथंच मिळाली, मागची 12.4-28, ती जुन्या 11-28 चीच. तेवढं वजन तू उचलायची गरज नाही.

वहिनींना नोकरी लागल्याचं सुलीकडून कळलं, अभिनंदन सांग. चिन्मयला मराठी वाचता येतं का रे अजून? घर घेतलंस की भाड्याचंच? सगळं नीट लिही, मी विचारायचं विसरलो असं म्हणू नकोस, विचारलंय.

तुझ्याकडे आबांचा ट्रॅक्टरवर बसलेला फोटो आहे ना, लग्नाआधीचा? बघ जरा. मला माहीत आहे तो ब्लॅक अँड व्हाइट आहे. तरी बॉनेट गडद दिसतं की फिकं तेवढं सांग. फिकं असेल तर आबांनी घेतला तेव्हा तो ग्रेच होता, आणि पहिला लालही त्यांचाच.

पाडव्याच्या आत रंग मारायचाय, पुढे वळवाची धूळ सुरू होते. तोवर डबा बंद.

तुझा,
पिंट्या

ता. क. मिसळ तर्रीची. पाव वेगळे मोजणार.