कसारा घाटातल्या क्रेटवाल्या दादांना

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. पिकअपचा नंबर एमएच १५ ने सुरू होत होता एवढं लक्षात आहे, पण नाशकात त्याचा काय उपयोग, इथे रस्त्यावर दुसरं दिसतं काय. मागे टोमॅटोचे रिकामे क्रेट रचलेले, वाशीला माल उतरवून पिंपळगावला परत चाललोय असं तुम्हीच बोलता बोलता म्हणाला होतात. म्हणून इथे लिहितेय, पिंपळगाव-ओझर-निफाडकडचं कोणी वाचलं तर पोचेल तुमच्यापर्यंत.

मी ती, घाटात धुक्यात रडकुंडीला आलेली सिल्व्हर गाडीवाली. सोबत गुडघे धरलेली आई आणि आठ वर्षांचा मुलगा. आठवलं? यंदाच्या राखीनंतर दोन दिवसांनी, सकाळी साडेनऊ-दहाला. कल्याणला भावाकडे गेलो होतो, घरी परत येत होतो.

शहापूरपर्यंत सगळं मस्त चाललेलं. कसारा सोडून चढ लागला आणि थोड्या वेळाने टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला, मी बघितलं, बघून सोडून दिलं, म्हटलं एवढ्या गार हवेत गाडी कशाला तापतेय, इगतपुरीला चहाला थांबू तेव्हा बघू. तेव्हाच कडेला घेऊन बंद करायला हवी होती, हे आता कळतंय. काटा लाल पट्टीत गेला तरी माझा एसी चालूच, आणि मग बॉनेटमधून भसाभस वाफ. कशीबशी डावीकडे दाबली पण घाटातली जागा ती, अर्धी गाडी रस्त्यावरच राहिली आणि ती पण नेमकी वळण संपतं तिथे. म्हणजे मागून येणाऱ्याला आम्ही दिसणार ते पार अंगावर आल्यावर. हे काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त इंजिन. इंजिन गेलं, आता किती हजाराला पडणार, नवऱ्याला काय सांगू. चारही इंडिकेटर लावले आणि आईला म्हटलं तू बस आतच, भिजशील.

तुम्ही पुढे जाऊन पिकअप लावलीत आणि पळत मागे आलात. मला वाटलं मदतीला आले म्हणजे आधी बॉनेट बघणार, मी पुढे जाऊन बॉनेटला हात घालतेय तर तुम्ही केवढ्याने ओरडलात, "ओ ताई, सोडा ते! आधी मावशीला नि पोराला भायेर काढा! गाडी काय पळून नाय चालली!"

खरं सांगू, राग आला होता मला. ओळख ना पाळख आणि ओरडतो काय हा माणूस. आई पण घाबरली. पण तुम्ही उजवीकडचं दार उघडू दिलं नाहीत, सगळ्यांना डावीकडून उतरवलंत, आईला हात धरून रेलिंगच्या पलीकडे नेलंत, आणि मी मुलाला घेऊन गाडीच्या पुढे उभी राहिले तर परत ओरडा. मागून ठोकली तर गाडी पुढेच येणार ना ताई, तिच्या पुढं काय उभं राहता, जरा मागच्या अंगाला सरका, रेलिंगच्या आत. साधी गोष्ट आहे हो, पण पंधरा वर्षं गाडी चालवतेय, माझ्या कधी डोक्यात आली नाही.

मग तुम्ही विचारलंत त्रिकोण आहे का, आणि मी म्हटलं कसला त्रिकोण. डिकीत आईच्या पापडांच्या पिशव्या, त्याखाली स्टेपनी, त्याच्या बाजूला तो लाल त्रिकोण, कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये जसाच्या तसा. तुम्ही हसलात नाही हे तुमचे उपकारच. मी तो गाडीमागे चार पावलांवर ठेवत होते, तुम्ही हातातून घेतलात आणि रेलिंगच्या आतून चालत वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवलात, वळायच्या आधीच दिसायला पाहिजे म्हणून. धुक्यात तेवढ्याने भागणार नाही म्हणून पिकअपमधून दोन क्रेट काढले, एकावर एक ठेवले, वर लाल गमछा बांधला. मी आपली शहाणी, म्हटलं दगड ठेवू का चार, ट्रकवाले ठेवतात तसे. तर तुम्ही म्हणालात, "दगड नाय ठिवायचे ताई. आपण निघून जातो, दगड तिथंच राहतो, मग रातच्याला मोटरसायकलवाला जातो त्याच्यावर." त्या दिवसापासून मला रस्त्याकडेला असे सोडून दिलेले दगड इतके दिसतायत की काय सांगू.

आणि मग तो कंटेनर. दहा मिनिटं पण झाली नव्हती. त्याने गमछा बघितला असेल, करकचून ब्रेक मारला, उजवीकडे घेतलं, क्रेटचा चुरा करून आमच्या गाडीला अगदी हातभर सोडून निघून गेला. माझा मुलगा तेव्हा रेलिंगमागे बिस्किट खात होता. आई आत बसली असती, मी बॉनेटपाशी असते. जाऊ दे, यावर मी जास्त लिहीत नाही, रात्री झोप लागत नाही मग.

माझ्या फोनला रेंज नव्हती, तुमच्याला होती. १०३३ लावायला तुम्हीच सांगितलंत. मला ११२ माहीत होता, १०८ माहीत होता, पण नॅशनल हायवेवर गाडी अडकली की १०३३ लावायचा हे आयुष्यात ऐकलं नव्हतं. पलीकडून विचारलं लोकेशन सांगा, मी म्हटलं कसारा घाट, झाडं आहेत, धबधबा आहे. पावसाळ्यात तिथे दर वळणाला धबधबा! तुम्ही फोन घेतलात आणि रस्त्याकडेच्या दगडावरचा आकडा वाचून सांगितलात. पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड सगळ्यांना माहितीये, पण दोन दगडांच्या मधे दर दोनशे मीटरला २, ४, ६, ८ असे छोटे दगड असतात हे मला तुमच्यामुळे कळलं. त्यामुळे पेट्रोलिंगची गाडी शोधत न बसता सरळ आमच्यापाशी आली, त्यांनी मागे कोन लावले, मग कुठे मी नीट श्वास घेतला.

बॉनेट तुम्ही सगळ्यात शेवटी उघडलंत, चांगला अर्धा-पाऊण तास थांबून. मला घाई होती, पाण्याची बाटली घेऊन तयारच होते मी, तुम्ही म्हणालात आत्ता रेडिएटरचं झाकण फिरवलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल, आत प्रेशर असतं, आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर इंजिनच तडकायचं. शेवटी निघालं काय, तर वरचा हौज पाईप क्लिपपाशी फाटलेला. गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग केली होती, सगळं ओके म्हणून बिल दिलं होतं, कुठे ते नाही सांगत. तुम्ही फाटलेलं टोक ब्लेडने इंचभर कापलंत, पाईप परत चढवलात, क्लिप आवळली, हळूहळू पाणी भरलंत. आणि इगतपुरीपर्यंत एसी बंद, हिटर फुल, काट्यावर नजर. भर घाटात हिटर लावून काचा उघड्या टाकून आम्ही निघालो, अंगावर पाऊस, पायांना भट्टी, पण काटा खाली राहिला खरा. इंजिनाची गरमी हिटरवाटे बाहेर निघते म्हणे.

तुम्ही मागे मागे आलात पार वरपर्यंत. माझ्या मुलाला रेल्वेचं भारी वेड, त्याला माहितीये की कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाड्यांना मागून बँकर इंजिन लावतात, तो सारखा मागे वळून बघत म्हणत होता, आई, काकांचा बँकर आहे ना अजून? होता.

इगतपुरीत गॅरेजवाल्याने पाईप बदलला, कुलंट भरलं, म्हणाला नशीब लगेच बंद केली, अजून दोन किलोमीटर ओढली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं. मी तुम्हाला पाचशेची नोट द्यायला गेले, तुम्ही घेईनात. आईने फारच धरल्यावर म्हणालात की क्रेट माझं नाय, शेतकऱ्याचं आहे, त्याला हिशोब द्यावा लागतो, तेवढे दीडशे द्या. चहाला पण थांबला नाहीत. आई नंतर म्हणे राखी बांधायला हवी होती त्याला. मी म्हटलं आई, राखी बांधून वर ओवाळणी पण घेतली असतीस तू त्याच्याकडून.

आता मुद्द्याचं. ते तुटकं क्रेट मी डिकीत ठेवलंय, टाकवलं नाही. त्याच्यावर पिवळ्या रंगाने काढलेली दोन अक्षरं आहेत, ती इथे लिहीत नाही, ज्याचं असेल त्याने ओळखावं. परवा काम होतं म्हणून पंचवटीत मार्केट यार्डाकडे गेले होते, तिथे सहज नव्या क्रेटचा भाव विचारला. दादा, दीडशेत नाही येत ते. फरक तुम्ही खिशातून भरलात, हो ना? आणि गमछा पण गेला तुमचा, त्याचं तर नावही काढलं नाहीत. नवीन क्रेट घेऊन ठेवलंय, त्यात एक लाल गमछा आहे आणि आईचे उडदाचे पापड. कुठे आणून देऊ तेवढं कळवा, पिंपळगावच्या मार्केटच्या गेटवर म्हणालात तर तिथे येते, सकाळी लवकर म्हणालात तरी चालेल.