वाचनयादी देताना पुस्तक पारखून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र नव्याने वाचू पाहणाऱ्यांसाठी कालच्या पुरवणीत दिलेली यादी वाचली. हा विषय तुम्ही घेतलात याबद्दल आभार. पण ती ज्या घाईने उरकली आहे, त्याचा संताप आला.

माझी भाची मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. अशाच एका यादीत पाहून तिने एक पुस्तक आणलं. त्यात किटी जेनोवीजच्या खुनाची हकिगत आहे: न्यूयॉर्क, १९६४, अडतीस शेजारी खिडकीतून बघत राहिले आणि कुणी जागचं हललं नाही. 'अडतीस'खाली तिने पिवळी रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, 'माणसांच्या भरवशावर राहू नये.' अठराव्या वर्षी ही शिकवण!

प्रत्यक्षात बहुतेकांना हल्ला दिसलाच नव्हता, काहींच्या कानावर नुसता आवाज आला होता, आणि एक शेजारीण तर खाली धावली, रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला धरून बसली. ही बातमी गाजवणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच २०१६ मध्ये ती सदोष असल्याचं छापलं. त्या घटनेनंतर डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी, आजूबाजूला माणसं असली की मदतीला कुणी का धावत नाही, यावर केलेले प्रयोग महत्त्वाचे आहेत, ते जरूर वाचावेत. पण अडतीसांची गोष्ट जशीच्या तशी सांगणारं पुस्तक नवख्याच्या हाती देताना सावधगिरीची एक ओळ लिहायला काय हरकत होती? भाचीने मला विचारलं, "मावशी, मग यातलं बाकीचं तरी खरं आहे का?" याचं उत्तर पुस्तक सुचवणाऱ्याने द्यायला हवं.

तुमच्या यादीतही तेच. माथ्यावर सवयींबद्दलचं जे वाक्य ('आपण जे वारंवार करतो, तेच आपण असतो') ॲरिस्टॉटलच्या नावाने छापलं आहे, ते अमेरिकन लेखक विल ड्युरंट यांचं आहे. १९२६ च्या पुस्तकात ॲरिस्टॉटलचा विचार थोडक्यात सांगताना त्यांनी ते लिहिलं. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची ओळख म्हणून तुम्ही सुचवलेलं 'सत्तेची इच्छा' त्याने स्वतः कधी प्रसिद्ध केलंच नाही. तो गेल्यावर बहिणीने आणि इतरांनी त्याच्या टिपणांतून ते जुळवलं. सुरुवातीला ते कशाला? प्लेटोने लिहिलेलं सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण द्या. एका बैठकीत वाचून होतं आणि कुणाच्या मध्यस्थीची गरज पडत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचं १९१२ चं तत्त्वज्ञानातल्या प्रश्नांवरचं छोटं पुस्तक द्या. त्याचा १९४५ चा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास वाचायला बहारीचा आहे, पण रसेलला न आवडणाऱ्या तत्त्वज्ञांना तो न्याय देत नाही, हे आधी सांगून द्या.

मानसशास्त्राच्या पुस्तकाचं तर सालसुद्धा तुम्ही दिलेलं नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून थोडेच जास्त टिकले, म्हणजे त्यांचा निष्कर्ष पुन्हा तोच आला. त्याआधीचं पुस्तक टाकाऊ ठरतं असं नव्हे, पण ते कधीचं आहे हे वाचकाला कळायला हवं. मानसशास्त्रज्ञ कानेमान यांच्या २०११ च्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या पुस्तकातलं प्रायमिंगवरचं, म्हणजे आधी नजरेस पडलेल्या शब्दाचा किंवा चित्राचा नकळत वागण्यावर होणाऱ्या परिणामावरचं, प्रकरण घ्या. लहान नमुन्यांवरच्या प्रयोगांवर आपण नको इतका विश्वास टाकला, हे त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिलं. असा लेखक मी डोळे मिटून सुचवीन, मात्र ही गोष्ट सांगूनच. याउलट ज्या पुस्तकात संदर्भसूची नाही, विरोधी मत नाही आणि प्रत्येक प्रकरणाअखेर आयुष्य बदलण्याची हमी आहे, अशी तीन पुस्तकं तुमच्या यादीत आहेत. ती मानसशास्त्राची नाहीत. त्यांना वेगळा रकाना द्या.

जाता जाता आणखी एक. अनुवादित पुस्तकांपुढे अनुवादकाचं नाव तुम्ही गाळता, हे नेहमीचंच झालं आहे. तत्त्वज्ञानात एकाच ग्रंथाचे दोन अनुवाद वाचकाला दोन दिशांना नेतात. कोणता घ्यायचा हे त्याने कसं ठरवायचं? आणि यादीखाली निवडणाऱ्याचंही नाव नव्हतं. पुढच्या रविवारी दुरुस्त यादी छापा आणि ती कोणी निवडली, हेही छापा.

आपली नियमित वाचक