ट्रान्समीटर नसेल तर हुशार नाही?

संपादक साहेब,

परग्रहावरच्या हुशार जीवांची बातमी आली की लगेच सिग्नल मिळाला का हाच प्रश्न. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक या गावच्या रेडिओ दुर्बिणीने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावले तेव्हापासून हेच चाललंय, ज्याच्याकडे ट्रान्समीटर तो हुशार. मग आपले भास्कराचार्य पण नापासच की!

ऑक्टोपस घ्या, साधारण ५० कोटी न्यूरॉन्स (मज्जापेशी), त्यातले दोन तृतीयांश तर हातांमध्येच, बरणीचं झाकण फिरवून आतला खेकडा काढून खातो, पण पाण्याखाली विस्तव कुठून पेटवणार आणि विस्तव नाही तर धातू वितळवणं नाही, वायर नाही, रेडिओ तर लांबच. गुरूच्या युरोपा चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा म्हणतात, तिथं असं कोणी असलंच तर ते जन्मात मेसेज पाठवणार नाही. २०२४ मध्ये निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर यान पण जीव शोधायला नाही, तिथं जीव तगू शकेल का एवढंच बघायला चाललंय.

रेडिओवाला शोध चालू राहू दे, माझी ना नाही, फक्त सिग्नल आला नाही म्हणून ‘विश्वात आपण एकटेच’ अशी हेडिंगं तेवढी देऊ नका बुवा.

– एक वाचक, नाशिक