कोपराला मालिश नको, स्नायूत हाड धरतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक मेसेज फिरत होता, शास्त्रज्ञांनी म्हणे स्नायूंच्या पेशींपासून हाड बनवलं, आता गुडघे बदलायची गरजच नाही वगैरे वगैरे, आणि त्याखाली नुसते हात जोडलेले इमोजी. मी कपाळाला हात लावला, कारण स्नायूत हाड तयार व्हायचं काम आमच्या घरात गेले चार महिने चालूच आहे आणि ते कुणालाही नको होतं.

माझ्या भाच्याचा मुलगा, वय ९, सायकलवरून पडला आणि त्याचं कोपर निखळलं. डॉक्टरांनी सांधा बसवला, प्लास्टर घातलं, ३ आठवड्यांनी काढलं. हात सरळ होईना म्हणून घरातल्या मोठ्या माणसांनी (त्यात मीही होतो, उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही) त्याला एका मालिशवाल्याकडे नेलं. तो तेल चोळायचा, जोर लावून हात ओढायचा, पोरगं किंचाळायचं आणि आम्ही म्हणायचो सोस रे थोडं, मोकळा होईल. मोकळा कसला, होता तेवढाही वाकेना आणि कोपराच्या वर पुढच्या बाजूला टणक गोळा हाताला लागायला लागला. एक्स-रेमध्ये ढगासारखी पांढरी सावली. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, मायोसायटिस ऑसिफिकन्स, स्नायूत हाड धरलंय, मालिश आजच्या आज बंद.

तेव्हापासून मी याच विषयावर वाचत सुटलोय. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट नावाच्या अमेरिकन सर्जनने हाडातलं कॅल्शियम ॲसिडने काढून उरलेला तुकडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, तर तिथे नवं हाड तयार झालं. म्हणजे त्या तुकड्यात 'हाड बनवा' असं सांगणारं काहीतरी होतं, ती पुढे बीएमपी नावाची प्रोटीन्स निघाली. मग १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या स्नायूपासून वाढवलेल्या सी२सी१२ या पेशींवर त्यातलंच एक प्रोटीन, बीएमपी-२, घातलं. या पेशींचा नेहमीचा धंदा म्हणजे एकमेकींना चिकटून स्नायूचे तंतू बनवायचे, तो त्यांनी सोडला आणि हाड बांधणाऱ्या पेशींची प्रोटीन्स बनवायला लागल्या. (या पेशी मिळवायला परदेशात जावं लागत नाही बरं का, गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आहे, त्यांच्या पेशीबँकेतून लॅबवाले घेऊन जातात.)

आता यात जादू काही नाही. डीएनए दोन्हीकडे तोच, फक्त कुठले जीन चालू आणि कुठले बंद हे ठरवणारे काही नियंत्रक असतात. आपल्या ढोल पथकात बघा, ताशावाला हात बदलतो आणि त्याच्यामागे शे-दोनशे ढोल एकदम बदलतात, वादक तेच, ढोल तेच. स्नायूकडे नेणारा ताशा म्हणजे मायोडी, १९८७ मध्ये सापडला, आणि हाडाकडे नेणारा रन्क्स२. बीएमपीचा निरोप आला की मायोडीचा आवाज पडतो आणि रन्क्स२ सुरू होतो. १९९७ मध्ये रन्क्स२ काढून टाकलेले उंदीर तयार केले तर त्यांचा सगळा सांगाडा कूर्चेचाच राहिला, पक्कं हाड झालंच नाही, बिचारे जन्मल्या जन्मल्या श्वास न घेता आल्याने मेले.

तर मेसेजमधलं अर्धं खरं आहे. पण आपल्या दंडातला तयार स्नायूतंतू उठून हाड होत नाही, स्नायूत ज्या कच्च्या, राखीव पेशी असतात त्या मार लागून सूज आली की चुकीचा निरोप ऐकतात. डॉक्टरांनी जखम बसवत आणायची आणि आम्ही रोज तेल लावून ती पुन्हा उघडायची, असा तो प्रकार चालला होता. एफओपी नावाचा एक फार दुर्मिळ आजार आहे, त्यात एसीव्हीआर१ या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं (हे २००६ मध्ये कळलं) आणि तेवढ्याने बीएमपीचा निरोप नको तेव्हा वाजत राहतो, साधं स्नायूतलं इंजेक्शनही अशा रुग्णाला हाड धरायला पुरतं, आणि ते हाड कापून काढलं तर आणखी येतं.

माझं म्हणणं एवढंच की सुट्टीत पोरं पडतात तेव्हा आपल्या आरोग्य पुरवणीत चौकट टाकून मोठ्या अक्षरात छापा: कोपराला मार लागल्यावर चोळू नका, ओढू नका, मुलाला स्वतःच्या ताकदीने जमेल तेवढंच हलवू द्या. चमत्काराच्या बातम्या नंतर छापल्या तरी चालतील.

आमच्या पोराचं म्हणाल तर ऑपरेशन इतक्यात नाही, ते हाड पूर्ण पक्कं होईपर्यंत थांबायचं, पुढचा एक्स-रे २ महिन्यांनी. सध्या डाव्या हाताने जेवतो आणि मला तेलाची बाटली घेऊन येताना बघितलं की (मी डोक्याला लावायला घेतलेली असते) खोलीतून पळून जातो.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे