आमिष कुठलं? पोरगं झोपायला लागलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तरुण पोरं चर्चला का जातात, यावर आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. 'आमिष असल्याशिवाय कोण जातंय?' असा त्यांचा सवाल होता. माझा मुलगा वर्षभर जातोय, म्हणून म्हटलं उत्तर आपणच द्यावं.

आम्ही मंगळवार पेठेतले. माझा डब्यांचा व्यवसाय, पहाटे चारला शेगडी पेटते. पोरानं चार वर्षं पोलीस भरतीची तयारी केली. 1600 मीटर धावण्यात कधी मागं पडला नाही. लेखीत मात्र दोनदा थोडक्यात हुकला. मग झोपच उडाली. मी कणीक मळायला उठायची तेव्हा हा भिंतीला टेकून बसलेला, हातात मोबाइल, डोळे तांबारलेले. एकदा मध्यरात्री मित्रांनी त्याला पंचगंगा घाटावरून घरी आणून सोडलं. तिथं काय झालं, हे मी विचारलं नाही. आजही धीर होत नाही.

सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. तिथंच रांगेत एका मुलाशी ओळख झाली आणि त्याच्यासोबत तो रविवारच्या उपासनेला गेला. मला वाटलं, जाईल चार रविवार. पण गेला तो गेलाच. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत, असं तिथल्या पाळकांनीच त्याला बजावलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण औषधं फेकून द्या म्हणणारे सगळ्याच धर्मांत भेटतात.

त्यानं मला शुभवर्तमानातली एक जागा वाचून दाखवली, मत्तयचा 11वा अध्याय. कष्टी आणि भाराक्रांत लोकांना येशू म्हणतो, माझ्याकडं या, मी तुम्हांला विसावा देईन. विसावा! हा तर आमच्या वारीतला शब्द, पालखीही विसाव्याला थांबते. "आई, मला कुणीतरी थांब म्हणालं गं," तो म्हणाला. चार वर्षं आम्ही सगळे त्याला पळ म्हणत होतो, मीसुद्धा.

आता तो दहाला झोपतो. चारला माझ्याबरोबर उठतो, दहा मिनिटं डोळे मिटून बसतो आणि मग चपात्या लाटायला घेतो. अजून वाटोळ्या येत नाहीत. डबेवाली पोरं 'आज दादाच्या चपात्या वाटतं' म्हणून हसतात.

राहिलं आमिष. आम्हाला कुणी दमडी दिलेली नाही, उलट हाच दर रविवारी दानाच्या पिशवीत 20 रुपये टाकतो. कुठं खरोखर पैसे देऊन धर्म विकत घेतला जात असेल, तर जरूर पकडा. पण गल्लीत 'किती मिळाले?' म्हणून पोराला टोचू नका. तो हसून सोडून देतो, माझ्या जिवाला लागतं. आणि हे परवा निघालेलं खूळ आहे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, कोल्हापुरात ख्रिस्ती मिशन 1852 साली आलं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही घर हादरलंच होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढं त्यांच्याकडं परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती झाल्या त्या नंतर, स्वतःला पटल्यावर.

मला अजून पटलेलं नाही, हेही सांगते. गणपतीत आरतीला तो मागं उभा राहिला, प्रसाद घेतला नाही, त्या रात्री मी जेवले नाही. त्यानं बाप्तिस्म्याचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, घाई करू नको, माझं मन तयार होऊ दे. तो 'बरं' म्हणाला. पूर्वी एवढ्यावरून ताट भिरकावलं असतं त्यानं.

यंदा चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर मला जोतिबाला जायचं होतं. गाडीवरून त्यानंच नेलं. आत आला नाही, बाहेर पायऱ्यांवर माझ्या चपला सांभाळत बसला. मी गुलालानं माखून आले तर खिशातून रुमाल काढला, माझा चष्मा पुसून दिला आणि म्हणाला, "चल, खाली उसाचा रस पिऊ."

– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर